पंपघरामागे बसलेली ती

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी हसायचे. आज माझ्यावर कोणी हसलं तरी चालेल... पण हे कुठेतरी सांगायचंय.

आम्ही जबलपूरला, गढा भागात राहतो. नवरा रिछाईच्या एका कारखान्यात आहे. मला कॉम्प्युटरवर घर-संसाराचा गेम खेळायचा नाद — आपणच माणसं बनवायची, घर बांधायचं, त्यांना जगवायचं. तक्रार एकच, त्यात सगळं कसं गुळगुळीत! कोणी मेलं तर दोन दिवस रडतात, तिसऱ्या दिवशी नाचतात. पोटातलं मूल तर कधी जातच नाही. अरे, आयुष्य दाखवता ना, मग हेही दाखवा की.

माझं गेलं होतं. सातव्या महिन्यात. मुलगी होती.

आमच्या घरात अशा बाळाचं नाव ठेवत नाहीत, दिवस करत नाहीत. पुरुष नेऊन पुरतात आणि जागा आईला सांगत नाहीत. सांगितली तर तिचा जीव तिथेच अडकतो म्हणे. मी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "काहून जिवाला लावून घेऊन राहिली? चलो, चहा घे." नवरा उठून बाहेर जायचा. मला रडायला एक जागा हवी होती, एवढंच.

मग मी गेममध्ये सासरचं मझौलीचं शेत बनवलं — पंपघर, त्यामागे पेरूचं झाड. तिथे एक जोडपं ठेवलं. एका दुपारी बघते तर त्यातली बाई स्वयंपाक टाकून पंपघरामागे, भिंत आणि पेरूच्या मधे, जमिनीवर बसलेली. उठवून घरात आणलं... परत तिथेच. त्या गेममध्ये जमिनीवर असं बसायची सोयच नाही हो!

रविवारी नवऱ्याला हाक मारली. "अहो, बघा ना, हिला काय वेड लागलंय."

तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "तुला कोणी सांगितलं? बाबांनी?"

"काय सांगितलं?"

त्याने स्क्रीनवरच्या त्या जागेवर बोट ठेवलं. "तिथंच ठेवलं आपल्या पोरीला. बाबा अन् मी, दोघंच होतो." आणि ढसाढसा रडला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मला घेऊन चला."

"आई काय म्हणेल?"

"म्हणू द्या."

मझौलीला गेलो. पंपघरामागे, भिंत आणि पेरूच्या मधे, बोरीच्या वाळक्या काट्या आणि वर दगड होते — जनावरांनी उकरू नये म्हणून. दगडावर हात ठेवून मी पोटभर रडले. तिचं नाव ठेवलं. ते इथे लिहीत नाही. नवरा शेजारी येऊन बसला.

घरी येऊन गेम उघडला. बाई तिथेच होती. पण आता तिच्या शेजारी तो गेममधला नवराही बसला होता. आम्ही नसताना कॉम्प्युटर बंदच होता.

गेम खेळणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, बिघाड असेल. असेलही. पण जी जागा मलाच ठाऊक नव्हती, ती बिघाडाला कशी ठाऊक? अधूनमधून गेम उघडते, बघते, बंद करते.

त्या दोघांना मी आता उठवत नाही.