अर्जात न लिहिलेला माळा

जळक्या लाकडाचा वास आला की मला मंडईमागची ती खानावळ आठवते. मी तेव्हा विमा एजंट होतो. बेकरीतली नोकरी सोडून एक गृहस्थ सहा टेबलांची खानावळ काढत होते आणि विम्याला वर्षाला किती लागतील, याचा अंदाज त्यांनी मला विचारला. भिंतींना नवा चुना होता, स्वयंपाकघरावर जुना लाकडी माळा. मी आकडा सांगताच त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "अहो, एवढ्यात दुसरी खानावळ निघेल." गिऱ्हाईक हातचं जाईल या भीतीने मी घरी बसून अर्ज भरताना माळा गाळून छत पक्कं लिहिलं आणि हप्ता उतरवला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे सही करताना त्यांनी विचारलं, "माळ्याचं लिहिलंत ना, साहेब?" मी म्हणालो, "लिहिलंय हो, करा सही." त्याच उन्हाळ्यात स्टोव्हच्या भडक्याने माळा पेटला आणि सगळी खानावळ जळाली. कंपनीच्या माणसाने राखेत उभं राहून मला विचारलं, "माळ्याचं यांनी सांगितलं नव्हतं?" खानावळीचे मालक शेजारीच उभे राहून निर्धास्तपणे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही." भरपाई नाकारली गेली. ते पुन्हा बेकरीत भट्टीपुढे उभे राहिले आणि पेठेत खोटा अर्ज भरणारे ठरले. आता नवरा-बायको दोघंही हयात नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाला गाठून मी खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "अम्मी शेवटपर्यंत अब्बांनाच दोष देत होती. आता हे कोणाला सांगू, काका?"