आसारामतात्यांचा चालता बांध

मुळा नदी आमच्या गारखोंडीपाशी येते तेव्हा तिला कसलीच घाई नसते. दोन्ही अंगांना डोंगर, मधे काळ्या मातीची चिंचोळी पट्टी, आणि त्या पट्टीवर आमचं गाव जगतं. पट्टीतल्या सगळ्यात कसदार वावरात एक बांध होता. अलीकडे आसारामतात्या, पलीकडे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ बिभीषण. शेतीसाठी जगलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण बांधासाठी जगलेला माणूस एकच पाहिला, तो म्हणजे तात्या.

तात्यांचा देह शेवग्याच्या वाळक्या शेंगेसारखा, आवाज मात्र नदीपलीकडे ऐकू जाणारा. दर साली पावसाळ्याच्या तोंडावर नांगरताना ते बैल बांधाला इतके लगटून घेत की पलीकडची वीतभर माती अलीकडे येई. हिवाळ्यात बिभीषण आपला लहानगा ट्रॅक्टर काढी आणि वीतभर माती परत नेई. मग दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या सात पिढ्या काढत. पिढ्या एकच असल्यामुळे शिव्या दोघांनाही सारख्याच लागत. बांध बिचारा उन्हाळ्यात एका भावाकडे सरके, थंडीत दुसऱ्याकडे परत येई. परवा जिल्ह्याचं नाव बदललं, पण हा रिवाज बदलला नाही. भांडण नव्हतं ते फक्त विहिरीवरून. ती बांधाला लागून, दोघांच्या सामाईक मालकीची. पाण्याच्या पाळ्या वडलांनी लावून दिलेल्या, त्या आजही घड्याळासारख्या चालत.

अशात खोऱ्यातून मोठ्या टॉवरलाइनची आखणी आली. वीज कुठून तरी निघणार, कुठे तरी जाणार, आणि आमच्या नुसत्या डोक्यावरून जाणार. आमच्या पंपांना ती आठवड्यातले काही दिवस आणि तीही पाहुण्यासारखी येते. गावाने मारुतीच्या पारावर बैठक घेतली, कृती समिती केली, वेशीवर फलक लावला. ठरलं एवढंच की संमतीच्या कागदावर कोणी सही करायची नाही.

कंपनीची माणसं आली आणि त्यांनी तांबडी लोखंडी खुंटी ठोकली ती नेमकी या बांधात. टॉवरच्या चार पायांसाठी खोल खड्डे, खाली काळा खडक, म्हणजे सुरुंग लागणार. विहिरीचा झरा त्याच खडकातून येतो. खडक हलला की झरा कुठे तोंड वळवील हे नदीलाही सांगता यायचं नाही. विहीर गेली तर दिवाळीनंतर दोन्ही घरांना कुलूप आणि माणसं नारायणगावला दुसऱ्याच्या मळ्यात मजुरीला. हे दोघा भावांना कळत होतं. त्यावर काय करायचं हे मात्र दोघांनी वेगवेगळं ठरवलं, आणि दुर्दैवाने दोघांनी एकच ठरवलं.

महसूल खात्याचे सर्कलसाहेब कागद घेऊन बांधावर आले. सगळं गाव गोळा झालं. साहेबांनी विचारलं की खुंटी कोणाच्या हद्दीत आहे.

तात्या खाकरले. म्हणाले, "बिभीषणच्या. आमचा बांध लई अलीकडं हाय."

ज्या मातीसाठी तात्यांनी जन्मभर घसा फोडला, ती त्यांनी एका वाक्यात देऊन टाकली. जागाच आपली नाही म्हटलं की सही मागायला कोणी येणार नाही, असा त्यांचा हिशेब. पण बिभीषणही त्याच आईचा.

"दादा खोटं बोलतोय, साहेब," तो म्हणाला. "ही जागा त्याची. मीच दर साली कोरून खाल्लीय. इचारा सगळ्यांना."

"तू कसला खातो. तुज्या ट्रॅक्टरला फाळ तरी धड हाय का? मी खाल्लीय."

"तू वीतभर खाल्ली आसशील, मी हातभर खाल्लीय."

दोघांचं असं भांडण पेटलं की समितीच्या लोकांना मधे पडावं लागलं. आयुष्यभर जे आरोप एकमेकांवर केले, ते दोघं आता आपापल्या अंगावर ओढून घेत होते. साहेबांनी दोन वेळा कागद उघडला, दोन वेळा मिटला, आणि मालक ठरल्याशिवाय नोटीस कोणाला द्यायची म्हणून ते परत गेले. गावाने तात्यांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण बोललो ते वावरातही दिसलं पाहिजे, असं तात्यांच्या मनाने घेतलं. पेरणीआधी नांगरताना त्यांनी बांधाकडची चार-सहा तासं, म्हणजे नांगराच्या ओळी, मोकळी सोडली. ते बघून बिभीषणने आपल्या बाजूने आठ सोडली. ते तात्यांना सहन झालं नाही. भावापुढे मागे राहणं त्यांना कशातच जमलं नव्हतं. त्यांनी पुढच्या नांगरटीला आणखी रान सोडलं. पाऊस पडला तसं सोडलेल्या जागेत गवत माजलं. बांध आधी पाऊलवाटेएवढा होता, तो बैलगाडीच्या वाटेएवढा झाला, मग त्यावरून टेम्पो जाईल एवढा. शेजारच्या वाडीतली गुरं तिथे चरायला येऊ लागली. पोरांनी स्टंप रोवून क्रिकेट मांडलं. दोन्ही भाऊ आपापल्या उरलेल्या वावरात उभे राहून समाधानाने बघत.

श्रावण सरता सरता कंपनीचा तरुण इंजिनिअर आला. परप्रांतातला, फार नम्र मुलगा. त्याच्याबरोबर सर्कलसाहेब, आणि त्यांच्या हातात दोन शाली, दोन नारळ. इंजिनिअरने टेप लावून गवताची रुंदी मोजली, पुन्हा मोजली, आणि त्याचे डोळे भरून आले. टॉवरचे चारही पाय त्या गवतात बसत होते. एकही पाय कोणाच्या पिकात जात नव्हता. सर्कलसाहेबांनी समजावून सांगितलं की ही जागा आमची नाही असं दोघा खातेदारांनी गावासमोर सांगितलं आहे, कसतही कोणी नाही, तेव्हा आता कोणाच्या संमतीचा प्रश्न उरत नाही, सोमवारी मशीन येईल. मग त्यांनी दोघा भावांचा सत्कार केला.

शाल अंगावर पडली की माणूस आपोआप हात जोडतो. तात्यांनी जोडले. बिभीषणने जोडले. समितीतल्या दोघा-तिघांनी तर सवयीने टाळ्याही वाजवल्या. गाडी निघून गेली तरी दोघं नारळ घेऊन तसेच उभे.

तात्यांची बायको भागूबाई विहिरीवर धुणं धूत होती. ती पिळा हातात घेऊन आली आणि दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "जल्मभर इतभर मातीसाठी भांडला, तवा हीर राह्यली. आता मोठ्या मनाचं झाला अन् टावरला अंगण सारवून दिलं. भावजींना काय बोलू, माजा बी त्यातलाच."

तात्यांनी नारळ खाली ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, पाणी तेवढं प्याले, तेही विहिरीच्या काठावर बसून.

रविवारी उजाडताच त्यांनी बैल जुंपले आणि आपल्या बाजूने गवतात नांगर घातला. थोड्या वेळात पलीकडून ट्रॅक्टर फुरफुरला. एक ओळ इकडून, एक ओळ तिकडून. गवत उलथत गेलं, स्टंप उलथले, तांबडी खुंटीही मातीत गेली. दुपार कलली तेव्हा नांगर आणि ट्रॅक्टर समोरासमोर आले, आणि मधे बांधच नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वावर एकसलग दिसलं, मधली पट्टी नदीच्या कडेपर्यंत काळीभोर. दोघांनी त्यात घाईघाईने मूग टाकला. मुगाचा हंगाम निघून गेला होता, पण कसलेलं तर दिसायला हवं.

सोमवारी मशीन आलं. इंजिनिअरने मोबाईलवर खुंटीची जागा बरोबर शोधली, पण आता तिथे पेरलेलं रान होतं. गाव आडवं बसलं. प्रकरण प्रांतसाहेबांपुढे गेलं.

प्रांतसाहेबांनी कचेरीत सगळं ऐकून घेतलं आणि तात्यांना विचारलं की आधी जागा माझी नाही म्हणालात, आता नांगरून बसलात, तर मग तुमची हद्द आहे तरी कुठे.

तात्यांनी टोपी काढली. आयुष्यात त्यांना इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"हद्द न्हाई, साहेब," ते म्हणाले. "सगळं दोघांचं हाय. आमी भाऊ हाय."

बिभीषण खाली बघत होता. तसंच बघत तो म्हणाला, "व्हय. पर माजं जरा जास्त हाय."

साहेबांनी हसू दाबलं आणि लिहून दिलं की वावर दोघांच्या कसणुकीत आहे, दोघांनाही नव्याने नोटीस काढावी, आणि विहिरीची तपासणी होईतो तिथे सुरुंग लावू नये. तपासणीचा माणूस अजून यायचा आहे. मशीन वाट बघून पलीकडच्या माळावर गेलं. तिथल्या लोकांनीही आता देवळाचा पार झाडून बैठक घेतली आहे.

मूग काही आला नाही. विहीर काठोकाठ आहे. हिवाळ्यात तात्या त्या वावरात नांगर धरून होते, तेव्हा मी वाटेने चाललो होतो. बैल मधेच, जिथे आता काहीच नव्हतं अशा जागी, आपणहून वळले. तात्यांनी त्यांना पुढे हाकललं. ते पुन्हा वळले. मग तात्यांनी कासरा सोडला, बैलांच्या पुढे झाले, आणि त्यांना हाताने धरून भावाच्या रानात घेऊन गेले.