लाँड्रीतल्या धाकटीचा हात

लाँड्रीची मालकीण दोघी बहिणींत धाकटी. सहावीत गणितात दोनदा नापास झाली आणि शाळेला तिने रामराम ठोकला तो कायमचाच. दुसऱ्याच्या टाकीवर कपडे घासता घासता तिने एक इस्त्री घेतली, मग दुसरी, आणि शेवटी रस्त्यालगतचा अख्खा गाळाच घेतला. थोरली एम.ए. झाली. तिने तीन नोकऱ्या धरल्या, तिन्ही सुटल्या, आणि आता ती याच गाळ्यात काउंटरवर बसून पावत्या फाडायची. गिऱ्हाईक दिसलं की धाकटी सुरू व्हायची, "आमच्या ताई बरं का, एम.ए.! अक्षर बघा, कसं मोत्यासारखं!" ताई मान वर करत नसे.

त्या दुपारी धाकटीची मुलगी शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा फॉर्म कोराच घेऊन आली. मुदत पाचला संपत होती.

"मी नाही भरणार. मी इथेच काम करते."

"थोबाड फोडीन! शिकायचं सोडून इस्त्री फिरवणार?"

"तू नाही फिरवलीस? तूच म्हणतेस ना, एवढी पुस्तकं वाचून मावशी शेवटी आली कुठे, तर तुझ्या काउंटरवर. मी थेटच येते. मधली वर्षं तरी वाचतील."

शर्ट न्यायला आलेले गृहस्थ खो खो हसले. धाकटीचे कान तापले. ती बहिणीकडे वळली.

"ताई, सांग की हिला! शिकलेली ना तू?"

"काय सांगू? शिकलं की माझ्यासारखं होता येतं, हे?" ताईने टर्रकन पावती फाडली. "हिला काय सांगायला हवं ते तुला चांगलं माहीत आहे. तोंडातून निघत नाही, एवढंच."

माहीत तर होतंच. दोन वर्षं मुलगी सुट्टीच्या दिवशी कामाला उभी राहायची, आणि ती घरी गेली की तिने केलेले निम्मे कपडे घड्या मोडून धाकटी पुन्हा करायची. ताईखेरीज कुणाला याचा पत्ता नव्हता.

धाकटीने गठ्ठ्यातून दोन मोतिया शर्ट ओढले आणि मुलीपुढे आपटले.

"डोळे मीट. यातला रेशमी कुठला?"

मुलीने दोन्ही चाचपले. "हा."

"पुन्हा बघ."

"हाच गं!"

"तो नकली आहे. गरम इस्त्री लागली की चिकटतो. मागच्या महिन्यात असाच एक जाळलास, मी गप्प बसले." धाकटीचा आवाज खाली आला, पण मऊ झाला नाही. "मला तिसऱ्या दिवशी हाताला कळत होतं. कुणी शिकवलं नव्हतं. मी शाळा सोडली म्हणून वर नाही आले, या हातामुळे आले. तुझ्याकडे तो नाही. इथे राहिलीस तर मी आहे तोवर चालेल, आणि मग गाळ्याला कुलूप."

निदान मावशी तरी आपली बाजू घेईल म्हणून मुलीने काउंटरकडे पाहिलं.

"सव्वाचार झालेत," ताई म्हणाली.

मुलीने तिथेच उभ्याने फॉर्म भरला, सहीसाठी आईपुढे भिरकावला आणि सही होताच तो उचलून शाळेकडे निघून गेली. गृहस्थही शर्ट उचलून चालते झाले.

धाकटीने इस्त्री हातात घेतली. बराच वेळ ती एकाच बाहीवर फिरत राहिली.

"शिकली तर लागेल ना गं नोकरीला?" बहिणीकडे न बघता तिने विचारलं.

"मला काय विचारतेस?" ताई म्हणाली. "माझी टिकली का?"