पंधरावा माणूस

कोंडाजीच्या लायसनवर दोन शेरे होते. एक मागचा दिवा बंद असताना मोटार चालवल्याचा, दुसरा लोणावळ्याच्या बाजारातून ठरल्यापेक्षा जोरात गेल्याचा. लाल शाईतली ती अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. पण वडगावच्या कचेरीत साहेबांनी तोंडी बजावलं होतं, "तिसऱ्यांदा आलास तर लायसन जाईल."

अठरा वर्षं तो तळेगाव-लोणावळा मोटार चालवत होता. दुसरं काही येत नव्हतं. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून गाडीच्या पाठीवर कोळशाचा गॅस करणारा बंब आला होता. तो रोज पहाटे पेटवायचा, तासभर धूर खायचा आणि मग चौदा माणसं घेऊन निघायचं. चौदाच. पंधरावा चढला की गुन्हा.

अडचण नायगावची होती. नायगाव म्हणजे त्याची सासरवाडी, आणि ती ऐन रस्त्यावर. दोन वर्षांमागं भरल्या गाडीनं तो तिथून न थांबता गेला, आणि रस्त्यावर उभा असलेला मेव्हणा पायी कामशेतला पोचला. सासरच्या पुढच्या लग्नात सगळ्या जावयांना फेटे बांधले. कोंडाजीचं डोकं उघडंच राहिलं. झुंबरबाई, त्याची बायको, घरी येऊन एवढंच म्हणाली, "माज्या म्हायेरात मला आता मान वर करता येत न्हाई."

त्या मंगळवारी गाडीत चौदा माणसं होती. नायगावाशी भिमाजी उभा होता, झुंबरबाईचा चुलता. त्यानं हात केला नाही. नुसता काठी टेकून बघत राहिला.

कोंडाजीनं गाडी थांबवली.

"तात्या, आज जागा न्हाई. माजं लायसन जाईल."

"जावईबापू, मी म्हातारा मानूस. माजं वजन ते किती?" म्हणत भिमाजी चढलाही.

कार्ल्याच्या फाट्यावर फौजदारानं गाडी अडवली. डोकं आत घालून त्यानं विचारलं, "किती माणसं आहेत?"

कोंडाजीनं आरशातून मागं पाहिलं. उतारूंना हे रोजचं होतं. एखादी बाई पोर मांडीवर घ्यायची, कुणी वाकून खाली बसायचा, आणि मोजणी कशीबशी जुळायची. आताही मागचा एक जण खाली बसला होता.

भिमाजीला मात्र ते अपमानाचं वाटलं. "मोजताय कशाला, सायेब?" तो मोठ्यानं म्हणाला. "ही आमच्या जावयाची गाडी हाय. जागा नव्हती, तरी त्यांनी मला घेतलं. अशी मानसं ऱ्हायली न्हाईत आता!"

फौजदार हसला आणि त्यानं वही काढली.

पंधरा दिवसांनी वडगावला साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल?"

"व्हय, सायेब."

"काही सांगायचंय?"

कोंडाजीला फेट्याचं सांगावंसं वाटलं. पण ते कुठून सुरू करायचं? "न्हाई," तो म्हणाला.

दंड झाला आणि सहा महिन्यांसाठी लायसन गेलं.

तो कामशेतला, घरच्या वाटेला लागला. तीन कोस चालायचं होतं. मागून ओळखीचा खोकला ऐकू आला, त्याचीच मोटार. मालकानं तिच्यावर आता अंबाजी नावाचा नवा ड्रायव्हर बसवला होता.

"भाऊ, या की! मागं उभं ऱ्हावा," अंबाजीनं गाडी थांबवून हाक दिली.

खिडकीतून भिमाजीनं मान बाहेर काढली. "या जावईबापू, सरकून बसू. आपलीच गाडी!"

सवयीनं कोंडाजीची नजर बाकांवरून फिरली. चौदा.

"जा तू, अंबाजी," तो म्हणाला. "मी येतो चालत."

गाडी सुटली. धुरातून भिमाजीचा आवाज आला, शेजाऱ्याला सांगत होता, "बगा! सासरच्या मानसांत बसत न्हाईत. आदीपास्नंच असं हाय त्यांचं."

कोंडाजीनं डोळ्यांतला कोळसा पुसला. नायगाव वाटेतच लागणार होतं. त्यानं डोक्यावरचा पंचा काढला, परत बांधला आणि चालू लागला.