दिवस उगवेपर्यंत

जिल्हा नवा होता आणि पावसानं मात्र पाठ फिरवली होती. लातूर वेगळं होऊन काही वर्षं उलटली तरी आमच्या गावातली म्हातारी माणसं कोर्टाच्या कामाला निघताना उस्मानाबादच म्हणत आणि मग स्वतःशीच हसत. निलंग्याहून एसटीनं तासाभरावरच्या त्या गावात मी शाळेत शिकवत होते. नोकरीचं तिसरंच वर्ष होतं. माघात सरकारनं माझ्या खांद्यावर जनगणनेचं दप्तर दिलं आणि अर्धं गाव मोजायला सांगितलं.

आधी गावाचा नकाशा काढायचा होता. पक्क्या घराला चौकोन, कच्च्या घराला त्रिकोण. घरोघरी फिरून दाराच्या चौकटीवर गेरूनं नंबर घालायचे आणि तेच नकाशात मांडायचे. माझं अक्षर चांगलं आणि त्याचा मला भारी तोरा, त्यामुळे मी ते नंबर फळ्यावर सुविचार लिहावा तसे कोरून काढले. दुपारी उन्हात गाव अगदी निपचित पडलेलं असे. कितीतरी दारांना कुलपं, कारण माणसं ऊस तोडायला कर्नाटकात गेलेली. मी धुळीतून चालत राहायची आणि चालता चालता खरं गाव विरून कागदावरचंच गाव समोर यायचं, नुसते त्रिकोण, मध्ये एखादा चौकोन, आणि नदीच्या जागी कोरडी वाकडी रेघ. रात्री स्वप्नातही मी त्याच त्रिकोणांमधून हिंडायची. मला ते दिवस आवडले होते, हे आता सांगायला हरकत नाही. दुष्काळात असं काही आवडल्याची लाज मात्र वाटायची.

गावाच्या टोकाला एका त्रिकोणात अप्पा राहत. सत्तरीचे असतील. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि दम्यानं छाती भात्यासारखी वाजायची. घरात सून आणि नातवंडं. मुलगा दिवाळीपासून बैलगाडी घेऊन उसाच्या फडावर गेला होता, त्याची मोजणी तिकडंच व्हायची. मी ओट्यावर बसले, फॉर्म उघडला आणि सुनेला विचारलं, या चुलीवर जेवणारी माणसं किती? ती म्हणाली, आम्ही दोघं सासरा-सून आणि दोन लेकरं.

"तीन," अप्पा आतून म्हणाले. "धाकटीला आण भायेर."

सून जागची हलली नाही. लेकरं मोजू नयेत, मोजली की त्यातलं एखादं कमी होतं, ही तिच्या आईची शिकवण. आमच्या भागात कित्येक घरांत हे चालायचं. मी मग "देवानं दिलेली" म्हणून विचारायची, पोरांना ओळीनं उभं न करता इकडून तिकडून नावं काढून घ्यायची. पण ते घर माझं त्या दिवसातलं शेवटचं होतं आणि मला झोप येत होती, म्हणून मी सरळ आकडाच विचारून बसले.

मग अप्पांनी त्यांची गोष्ट सांगितली. निजामाच्या राजवटीत मोजणीवाला आला तेव्हा ते पाच वर्षांचे होते. आईनं त्यांना कडब्याच्या गंजीमागं लपवलं आणि तोंडावर हात ठेवून बसली. पुढच्या खेपेला ते पोटामागं बार्शीला गेलेले, स्टेशनात निजायचे. त्यानंतरच्या प्रत्येक मोजणीला कधी खडी फोडायला, कधी उसाला, आणि घराला कुलूप. कुठंतरी कुणीतरी लिहून घेतलं असेलच की, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांना कुणी काही विचारलेलं आठवत नव्हतं, आणि विचारलेलं ते विसरणाऱ्यातले नव्हते.

"एवढं आयुष्य गेलं, पण मी कुटंच न्हाई, बाई," ते म्हणाले. "ह्या पोरीचं तसं करू नका."

सून उठली आणि धाकटीला घेऊन आली. दोन वर्षांची असेल, हातात भाकरीचा तुकडा. मी तिची ओळ लिहिली. मग अप्पांची. साक्षर का, या प्रश्नावर ते ताठ बसले. उर्दू दुसरीपर्यंत शिकलो, म्हणाले. सून त्यांच्याकडे बघत राहिली, तिला हे ठाऊकच नव्हतं. मी ते लिहिलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून दोनदा वाचून दाखवलं.

निघताना मी मास्तरकीच्या सवयीनं त्यांना नियमही समजावला. आता लिहिलं तरी पक्कं नाही. एक मार्चचा दिवस उगवेल तेव्हा जो हयात असेल तोच खरा धरायचा. त्यानंतर मी पुन्हा एक फेरी मारणार, कुणी जन्मलं असेल तर वाढवणार, कुणी आधी गेलं असेल तर त्याच्या ओळीवर रेघ मारणार. अप्पा छाती धरून हसले. तवर थांबाया पायजे मग, म्हणाले.

एक मार्चला मी पहाटे हापशावर होते. पाणी करवंटीभर यायचं, म्हणून चांदण्या असतानाच घागरी रांगेत लागायच्या. माझ्यापुढं सात-आठ घागरी होत्या तेव्हा गावाच्या टोकाकडून रडण्याचा आवाज आला. रांगेतल्या बायका तिकडे वळल्या. कुणीतरी अप्पांचं नाव घेतलं. मी पूर्वेकडे पाहिलं. अजून काहीच उजळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी त्या दारात गेले. जावंसं वाटत नव्हतं. चौकटीवरच्या माझ्या नंबराला कुणीतरी हळदीचं बोट लावलेलं होतं, आणि ते पाहून मला आणखीच वाईट वाटलं. सून ओट्यावर बसली होती, धाकटी मांडीवर झोपलेली.

"तुमी मोजलं आन् एक कमी झालं," ती म्हणाली.

रागानं नाही म्हणाली. राग असता तर मी काहीतरी समजावणीचं बोलले असते. मी खाली मान घालून फॉर्म उघडला. पाच ओळी होत्या, सगळ्यात वर अप्पांची. तिला वाचता येत नव्हतं तरी त्या ओळीवर तिनं हात ठेवला. किती सुरेख लिहिलं होतं मी.

"मामांला खोडू नका, बाई," ती म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची.

मला हापशावरच्या चांदण्या आठवत होत्या. तरी नियमाप्रमाणे विचारणं भाग होतं. ते दिवस उगवायच्या आधी गेले की नंतर, असं मी विचारलं. घड्याळ त्या घरात नव्हतं.

तिनं मांडीवरची धाकटी सावरून घेतली. मग तिनं सांगितलं. अप्पा लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत, आणि पूजा दिवस उगवल्यावरच करत. त्या रात्रभर घसा कोरडा पडला तरी त्यांनी पाणी घेतलं नाही. तिनं त्यांच्या पूजेसाठी तांब्याभर पाणी झाकून ठेवलं होतं.

"सारखं एकच इचारत व्हते, उगवला का, उगवला का. अंधारच व्हता. मी हाव म्हणले. उगवला, मामा. मंग लिंग हातावर घेतलं, दोन घोट पाणी पिले, आन् गेले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती खोटं बोलली ते बरं केलं की वाईट, हे तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी पेनचं टोपण लावलं.

पुढं आमचे पर्यवेक्षक कागद तपासायला आले. शेजारच्या गावचे हेडमास्तर, फार काटेकोर. अप्पांच्या मयतीचं त्यांच्या कानावर आलं होतं. ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे कधी वारले? दिवस उगवल्यावर, मी म्हणाले. त्यांनी सही केली.

जिल्ह्याची लोकसंख्या पेपरात छापून आली तेव्हा मी एसटीत होते. एवढा लांबलचक आकडा, गाडीच्या हादऱ्यानं नीट वाचताही येईना. त्यातला एक माणूस जादा आहे, हे सगळ्या जिल्ह्यात आम्हा दोघींनाच माहीत होतं.