उरलेल्या सहा शेंगा

सकाळी बटल्याच्या, म्हणजे मटारच्या, शेंगा सोलल्याचा कोवळा, गोडसर वास आला आणि मला अन्नपूर्णा मंदिराजवळची ती बालवाडी आठवली. माझी मीनू तेव्हा चार वर्षांची होती. तिथे मूल जे काम मागेल तेच बाई त्याच्यापुढे ठेवायच्या. त्या दिवशी तिने बटले मागितले होते. मी तिला घ्यायला गेलो तेव्हा ताटलीत सहा शेंगा उरल्या होत्या. ती एकेक शेंग कानाशी नेऊन दाबायची, मग दाणे वाटीत टाकायची. तिकडे सियागंज बाजारातल्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

"चल ना बेटा, जल्दी!" म्हणत मी सहाही शेंगा मिनिटभरात सोलून टाकल्या. "घ्या बाई, झालं काम."

"काम तिचं होतं, भाऊ," बाई हळूच म्हणाल्या. "आम्हाला बटले कुठे हवे होते?"

मीनू रडली नाही. तिने दोन्ही हात फ्रॉकखाली लपवले. पुढे कितीतरी दिवस तिने शेंगा मागितल्याच नाहीत. ते लपवलेले हात मी अजून विसरलेलो नाही.

आज तिचा मुलगा माझ्यासमोर बसला आहे. अर्ध्या तासात चार शेंगा झाल्या आहेत.

"बाबा, तुम्ही सोला ना थोड्या! नाहीतर कचोऱ्या रात्रीच मिळतील," मीनू आतून हसत म्हणाली.

"मिळू देत," मी म्हणालो आणि हात मांडीखाली घेतले.

नातवाने पाचवी शेंग उचलली, माझ्या कानाशी धरली आणि दाबली. टक्क!

मीनू तेव्हा काय ऐकत होती, ते मला आज ऐकू आलं.