यायाला भावाकडे पोचवताना: नेपरव्हिल ते टार्पन स्प्रिंग्ज

मार्चअखेर आमच्या लेकीच्या, ऋचाच्या शाळेला आठवडाभर सुट्टी होती आणि नेपरव्हिलमध्ये बर्फ वितळून जिकडेतिकडे राखाडी चिखल झाला होता. समीर म्हणाला, फ्लोरिडाला जाऊ, ड्राइव्ह करू, वाटेत देश बघू. मी आधी तिघांच्या विमानतिकिटांचे दर बघितले आणि मग देश बघायला तयार झाले. डेटोनाचा समुद्र, चार दिवस वाळूत लोळणं, परत येणं. एवढाच बेत होता.

ही बातमी आमच्या शेजारच्या यायाला कशी कळली ते मला अजून ठाऊक नाही. याया म्हणजे ग्रीकमध्ये आजी. नाव स्टामातिया, वय चौऱ्याहत्तर, चणीनं एवढीशी, कायम काळा स्वेटर. आम्ही इथे राहायला आलो त्या आठवड्यात ती कुंपणावरून माझ्या तुळशीकडे बघून म्हणाली होती की हिला पाणी जास्त होतंय, आणि तेव्हापासून आमच्या घरातलं काय जास्त होतंय आणि काय कमी, ते तीच ठरवते. तर ती पालकाच्या वड्यांसारख्या दिसणाऱ्या ग्रीक पेस्ट्रीचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, टार्पन स्प्रिंग्ज नावाचं गाव तुमच्या वाटेवरच आहे, तिथे माझा भाऊ असतो, मला तेवढं सोडा.

वाटेवर कसलं? डेटोना फ्लोरिडाच्या एका किनाऱ्यावर, टार्पन स्प्रिंग्ज बरोबर दुसऱ्या. समीरनं नकाशा काढून दाखवला. यायानं चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाली, बघ, एकाच रंगात आहे.

मला मात्र थोडी पार्श्वभूमी माहीत होती. यायाची थोरली बहीण कातिना ग्रीसमधल्या त्यांच्या बेटावर, त्यांच्या गावातच राहायची. ती जानेवारीत गेली. जाण्याआधी तिनं धाकट्या भावाच्या, मानोलीच्या पत्त्यावर एक डबा पाठवला होता, दोघांनी एकत्र बसून उघडायचा म्हणून. मानोली आणि याया आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. यायानं मुलाकरवी निरोप पाठवला, डबा पोस्टानं धाड. मानोलीचा उलट निरोप आला, ये आणि घेऊन जा. मुलाला रजा नव्हती, विमानाला याया भीत होती. राहता राहिलो आम्ही.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. तुम्ही जाणार असाल तर सांगते, इंडियानात गाडी घातली की पहिले चार तास बघण्यासारखं काहीही नसतं. काळीभोर नांगरलेली शेतं, अधूनमधून धान्याची कोठारं. खायला भरपूर घ्या. आमच्याकडे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही होतं, यायाकडे तीच पालकाची पेस्ट्री, ऑलिव्ह आणि खारं चीज. एका रेस्ट एरियात आम्ही लाकडी बाकावर सगळं मांडलं. यायानं धपाट्यात खारं चीज गुंडाळून खाल्लं आणि तुमच्या भाकरीला आता चव आली असं सांगितलं. मी करून बघितलं. खरंच छान लागतं, पण तिला तसं बोलले नाही.

तिथेच ऋचानं तिला विचारलं की तुझं गाव कसं होतं. शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट झाल्यापासून ऋचा दिसेल त्याला हेच विचारते. यायानं सांगितलं, डोंगरउतारावर पांढरी घरं, खाली बंदर, बंदरात तिच्या वडिलांची तीन जहाजं. वडील कॅप्टन होते. ते गावातून चालले की लोक टोप्या काढायचे. समीर माझ्याकडे बघून हळूच हसला. मीही साताऱ्याची आहे. माझ्याही आत्याच्या बोलण्यात आमची जमीन दर वर्षी दोन एकर वाढते.

केंटकी ओलांडून टेनेसीत शिरलो की रस्ता उठून बसतो. चॅटनूगाच्या अलीकडे डोंगर लागतो, तिथला उतार ट्रकवाल्यांच्या गर्दीत सांभाळून उतरा. त्या रात्री हायवेलगतच्या मोटेलमध्ये राहिलो, एका खोलीत चौघं. सकाळचा नाश्ता फुकट होता. यायानं उकडलेली सहा अंडी पर्समध्ये टाकली. सुसंस्कृत देशात अंडी मोजून ठेवत नाहीत असं तिचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी जॉर्जिया. रविवार असल्यामुळे अटलांटाच्या ट्रॅफिकमधून सुखरूप सुटलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पीच आणि पेकनच्या जाहिराती सुरू झाल्या, हवा उबदार झाली, आणि यायानं हिवाळा लागल्यापासून पहिल्यांदा स्वेटरचं वरचं बटण उघडलं. फ्लोरिडाची हद्द लागताच सरकारी स्वागत कक्षात प्रत्येकाला संत्र्याचा रस फुकट देतात. तो चुकवू नका. याया तीनदा रांगेत उभी राहिली.

तिथल्या हिरवळीवर बसून ती ऋचाला वडिलांबद्दल आणखी काही सांगायला लागली. आमच्या बेटावरचे पुरुष समुद्रात खोल बुडी मारून स्पंज काढायचे, वडीलही काढायचे. एकदा फार खोल गेले आणि भरकन वर आले. असं केलं की हवेचे बुडबुडे रक्तात अडकतात आणि माणूस लुळा पडतो. वडील पुढे आयुष्यभर दोन काठ्यांवर चालले.

ऋचानं रसाचा कप खाली ठेवला. "पण याया, काल तर ते कॅप्टन होते."

समीर घाईघाईनं गाडीचे टायर बघायला उठला. याया म्हणाली, "काल आपण इंडियानात होतो. तिथे चाललं."

एकदा खोटं उघडं पडल्यावर तिनं उरलेलंही सगळं सांगून टाकलं. ती घरातली तिसरी मुलगी. मधली तान्ही असतानाच गेली. तिसऱ्या वेळीही मुलगीच झाली तेव्हा बापानं नाव ठेवलं स्टामातिया, म्हणजे बास, आता थांबा. मी ऐकतच राहिले. आमच्या गावात माझ्या वर्गात एक नकोशी होती. यायाला ते सांगितलं तर तिनं पहिला प्रश्न विचारला, मग तिच्या पाठीवर मुलगा झाला का? झाला होता. याया म्हणाली, हो ना, आमच्याकडेही झाला, मानोली. नाव लागू पडतं.

त्यांच्या बेटावर आईचं घर थोरल्या मुलीला मिळतं. लग्न झालं की नवरा तिच्या घरी राहायला येतो. सगळं बेटच घरजावयांचं, हे ऐकून परत आलेला समीर जरा गंभीर झाला. तर घर कातिनाचं ठरलेलं होतं. धाकटीला काहीच नव्हतं, ना घर, ना हुंडा. अशात शिकागोहून काकांचं पत्र आलं. तिकडे एक चांगला मुलगा आहे, स्वतःचं छोटं हॉटेल आहे, हुंडा नको, थोरलीचा फोटो पाठवा. वडिलांनी कातिनाचा फोटो पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि सकाळी मानोलीनं बंदरावर न्यायचं म्हणून कपाटावर ठेवलं. एकवीस वर्षांच्या स्टामातियानं केटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं, कातिनाचा फोटो काढला, स्वतःचा घातला आणि पुन्हा चिकटवलं. दोन महिन्यांनी होकार आला, फोटोतल्या मुलीला. वडिलांनी काठी फेकून मारली, पण तिकीट आलं होतं ते आलंच होतं.

"मी तिची अमेरिका चोरली," याया म्हणाली. "मग त्रेपन्न वर्षं तिला पार्सलं पाठवली. कोट, बूट, कॉफी, शिवणयंत्र, एकदा फ्रिज. ती दर वर्षी बोलवायची. मी लिहायचे, विमानाची भीती वाटते."

"वाटत नाही?" मी विचारलं.

"मी कधी बसलेच नाही, मला काय माहीत?"

आणि मानोलीशी अबोला का, तर यायाचा नवरा गेला तेव्हा दफनानंतरच्या जेवणात मानोली सगळ्यांदेखत हसत म्हणाला होता की बिचाऱ्याला बायको चुकीच्या फोटोवर मिळाली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

टार्पन स्प्रिंग्जला पोचलो तेव्हा चांगलं ऊन होतं. गाडी मुख्य रस्त्यावर लावायला जाऊ नका, मागच्या गल्लीत तीन डॉलरमध्ये दिवसभर लावता येते. धक्क्यावर दुकानांच्या दारात पिवळ्या स्पंजांच्या माळा झेंडूच्या तोरणांसारख्या लटकतात. स्पंज घेणार असाल तर मऊ लोकरीसारखा घ्या, महाग पडतो पण वर्षानुवर्षं टिकतो. सॅलड मागवलंत तर पानांखाली बटाट्याची भाजी निघेल, घाबरू नका, इथे तशीच पद्धत आहे. म्हातारे पुरुष कॉफीचे छोटे कप पुढ्यात घेऊन ग्रीकमध्ये भांडत बसलेले असतात. समीरच्या मते ते भांडत नसून गप्पा मारत होते.

त्यांच्यातलाच एक उठून उभा राहिला. एकाहत्तर वर्षांचा, रुंद खांद्यांचा, यायाचंच नाक. हा मानोली. यायानं त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून इंग्रजीत सांगितलं की याला विचार डबा कुठे आहे. मानोलीनं ऋचाला सांगितलं की हिला सांग, घरी आहे. अशी आमच्यामार्फत त्यांची बोलणी चालू असताना आम्ही त्याच्या घरी गेलो.

डबा बिस्किटांचा होता. आत एक पत्र आणि हाताएवढी लोखंडी किल्ली. याया चष्मा शोधायला लागली तसा मानोलीनं पत्र उचललं आणि मोठ्यानं वाचलं. ग्रीक आम्हाला कळत नव्हतं. यायाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तिनं पत्र हिसकावून घेतलं, स्वतः वाचलं आणि मग मानोलीला एक लांबलचक वाक्य सुनावलं, त्यात श्वास घ्यायला जागाच नव्हती. आठ वर्षांचा अबोला असा सुटला.

मानोलीनं आम्हाला अर्थ सांगितला. त्या सकाळी तो पाकीट घेऊन बंदराकडे निघाला तर कातिना मागून धावत आली. तिला अमेरिकेला जायचंच नव्हतं. समोरच्या बेकरीवाल्याच्या मुलाशी तिचं जुळलं होतं, घर तिचं होतं, ती कशाला जाईल? तिनं मानोलीला थांबवलं, तीही पाकीट उघडून स्वतःचा फोटो काढून धाकटीचा घालायला आली होती. उघडून बघते तर आत स्टामातियाच. ती पायऱ्यांवर बसून इतकी हसली की मानोलीला वाटलं हिला भूत लागलं. मग तिनं त्याला गावच्या संताची शपथ घातली, वर बदामाच्या वड्या दिल्या, आणि त्यानं तोंड बंद ठेवलं. ती असेपर्यंत.

पार्सलांचंही पत्रात होतं. पहिला कोट आला तेव्हाच मी तुला खरं लिहिणार होते, पण कोट फार चांगला होता. मग बूट आले. फ्रिज आला तेव्हा गावात वीज यायला सहा वर्षं होती, तरी मी लिहिलं की पाणी छान गार होतं. त्यात आम्ही गोधड्या ठेवल्या.

"वीज आली तरी चालला नसता," समीर म्हणाला. "इथला एकशेदहा व्होल्टचा." मी त्याच्या पायावर पाय दिला.

याया मानोलीवर चिडली होती, कातिनावर चिडली होती, बेकरीवाल्याच्या मुलावरसुद्धा. त्रेपन्न वर्षं चर्चमध्ये मी या एकाच पापाची कबुली देत होते, म्हणाली, आणि ते माझं धड पापही नव्हतं. मानोली हसायला लागला. तीही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग पाणी येतच राहिलं आणि हसणं थांबलं.

पत्राचा शेवट तिनं स्वतः आम्हाला सांगितला. "ती लिहिते, आधी गंमत म्हणून लपवलं, मग पार्सलांसाठी, मग लाज वाटली म्हणून. दर उन्हाळ्यात वाटायचं की तू येशील तेव्हा समोर बसवून सांगेन." याया किल्ली हातात फिरवत होती. "मी गेले असते तर एका दुपारीत मिटलं असतं."

मानोलीनं तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि शेजारी बसला. आम्ही ऋचाला घेऊन बाहेर पडलो.

डेटोना राहूनच गेलं. चार दिवस आम्ही टार्पन स्प्रिंग्जलाच राहिलो. मानोलीनं ऋचाला स्पंज कापायला शिकवलं, समीरला ऑक्टोपस खायला लावला आणि मला दर जेवणाला यायाच्या लहानपणच्या लबाड्या सांगितल्या. ती प्रत्येक वेळी त्याचं म्हणणं खोडून काढायची. परतीलाही याया आमच्याच गाडीत होती, पण इंडियाना येईपर्यंत ती फारसं बोलली नाही. फक्त एकदा, वडिलांच्या पायांना संध्याकाळी तेल कोण लावायचं ते सांगितलं. कातिना लावायची. यायाला ते जमायचं नाही, वडील कण्हायला लागले की ती बाहेर पळायची.

कातिनाला मूलबाळ नव्हतं, नवरा आधीच गेला होता. घर आता यायाचं, डब्यातली किल्ली त्याचीच. मे महिन्यात तिच्या मुलानं तिला विमानात बसवलं. अथेन्सला पोचल्यावर तिनं फोन केला की विमानात भीती अजिबात वाटत नाही, फक्त जेवण वाईट असतं. तीन आठवड्यांसाठी गेली होती. आता ऑक्टोबर संपत आलाय.

मी या प्रवासातून काय आणलं असं विचाराल तर तीन स्पंज, खाऱ्या चीजचं व्यसन, आणि एक सवय. साताऱ्याला बहिणीला फोन केला की पूर्वी मी इकडचं सगळं छान असल्याचं सांगायचे आणि ती तिकडचं. आता आम्ही अधूनमधून खरं बोलतो. गेल्या महिन्यात तिनं कबूल केलं की मी लग्नात दिलेली साडी तिनं एकदाही नेसलेली नाही. मला राग आला, पण फोन तासभर चालला.

यायाचा मुलगा काळजीत असतो, थंडीच्या आत आईनं परत यावं म्हणून. परवा त्यानं मला तिच्याशी बोलायला सांगितलं. मी फोन लावला. याया म्हणाली की शेजारणीनं लिंबाचं झाड स्वतःचं असल्याचा दावा केलाय, गाव दोन तटांत विभागलंय, आणि मी जिंकत आले आहे, त्यामुळे इतक्यात हलता येणार नाही. झाड नक्की कोणाचं आहे, मी विचारलं.

"तिचंच," याया म्हणाली. "पण त्याचा कागद मला सापडलाय, ते तिला अजून माहीत नाही."